भामाची सकाळची हाक

भामे,

सोमवारी सकाळी माझा चहा पिऊन झाला, कप विसळून झाला, दोरीवरचे कपडे आत आणून झाले, तरी फोन वाजला नाही. तू जाऊन आठवडा उलटला होता आणि तरीही रोज सकाळी तुझी हाक येत होती. फोनवर तीच ओळ: हाय का कुनी? तू गेलीस त्याच्या दुसऱ्या दिवशी ती आली तेव्हा मी फोन पलंगावर फेकून दिला होता. नंतर मात्र मी तिची वाट बघायला लागले. चहाचं आधण ठेवायचं, फोन कट्ट्यावर ठेवायचा आणि उभं राहायचं. सोमवारी ती आली नाही.

ती ओळ पाठवणारी तू नाहीस, तू कामाला लावलेलं सॉफ्टवेअर आहे, एवढं मला कळत होतं. पण कळून काय उपयोग? माझ्यासाठी तू तेवढी शिल्लक होतीस.

आपण नेमकं काय काम करतो हे मला पाटोद्यात कुणालाच नीट सांगता आलं नाही. माझे वडील आयुष्यभर मास्तर होते, त्यांना प्रत्येक गोष्ट फळ्यावर मांडून हवी असायची. मी त्यांना मेनफ्रेम समजावून थकले. मग तू एकदा घरी आलीस आणि ओट्यावर बसून म्हणालीस, मास्तर, परदेशातल्या एका बँकेचा लई मोठा कॉम्प्युटर हाय, त्याच्यावर नजर ठेवायला एक सॉफ्टवेअर हाय, आणि ते सॉफ्टवेअर झोपलं का जागं हाय हे बघायला आमी दोघी हावत. वडील म्हणाले, म्हणजे राखणदाराची राखण. त्यानंतर त्यांनी पुन्हा विचारलं नाही. मला मात्र राग आला होता, कारण हेच मी त्यांना चार वर्षं सांगत होते.

पुण्यात आपण एका खोलीत राहायचो ते दिवस मला सध्या फार आठवतात. कंपनीत नवी भरती झाली तेव्हा सगळ्यांना नवं नवं हवं होतं, मोबाइलचं, वेबसाइटचं. मेनफ्रेमच्या वर्गात कुणी बसायला तयार नव्हतं. काळा पडदा, हिरवी अक्षरं, माऊस नाही, चित्र नाही. माझं तोंड पडलं होतं. तू मात्र पहिल्याच दिवशी खूश होतीस. म्हणालीस, हितं समदं लिहूनच मागावं लागतंय, बरं हाय, ताकाला जाऊन भांडं लपवायला जागा न्हाई. तुला तिथं आठच इंग्रजी अक्षरांचं नाव मिळालं, त्याहून लांब नाव ते यंत्र घेत नाही. सत्यभामाचं झालं सत्यभा. शेवटचा 'मा' दाराबाहेर राहिला म्हणून तू दोन दिवस कुरकुरत होतीस. तेव्हापासून रागावले की मी तुला मुद्दाम सत्यभा म्हणायचे.

त्या बँकेचं काम आपल्याकडे आलं तेव्हा त्या सॉफ्टवेअरनं आपला जीव खाल्ला होता, आठवतंय? कुणीतरी ते बसवलं होतं आणि सगळ्या मर्यादा मूळ होत्या तशाच ठेवल्या होत्या. मेमरी जरा वाढली की अलार्म, एखादं काम जरा रेंगाळलं की अलार्म. फोन इतका वाजायचा की मी तो उशीखाली घालून ठेवायचे. मग तू एकेक अलार्म काढून माझ्यासमोर ठेवायला सुरुवात केलीस. प्रत्येकाला तुझा एकच प्रश्न: हे वाजल्यावर आपण उठून काय करणार? उत्तर नसेल तर तो अलार्म बाद. उत्तर असेल तर मर्यादा किती ठेवायची यावर आपलं भांडण. मी पुस्तकात दिलंय ते म्हणायचे, तू म्हणायचीस पुस्तकाला ही बँक ठावं न्हाई. शेजारच्या खोलीतल्या मुली भिंतीवर टकटक करायच्या. पावसाळा संपेपर्यंत आपण तो गोंगाट आटोक्यात आणला, आणि फोन वाजला की खरंच काहीतरी झालेलं असायचं. माझ्या नोकरीतले ते सगळ्यात सुखाचे दिवस होते. हे मी तुला कधी सांगितलं नाही, कारण तू लगेच डोक्यावर बसली असतीस.

आणि मग तूच ती सकाळची हाक बसवलीस. रोज सकाळी ते सॉफ्टवेअर स्वतःहून एक खोटा बिघाड करणार, आणि तो बिघाड सापडला म्हणून आपल्या दोघींना संदेश पाठवणार. एक दिवस तू बटण दाबून 'पाहिलं' म्हणायचं, एक दिवस मी. थोड्या वेळात कुणी दाबलं नाही तर तो पुन्हा वाजणार. संदेशाची ओळ तू लिहिलीस, साहेबांना विचारलं नाहीस. बँकेच्या लोकांनी तिचा अर्थ विचारला तेव्हा तू गंभीर चेहऱ्यानं सांगितलंस की हा आमच्याकडचा तपासणीचा संकेत आहे. पुढं तिकडचा तो पांढऱ्या केसांचा प्रमुख मीटिंगमध्ये येताना स्वतःच 'हाय का कुनी' म्हणायला लागला, आणि मला तोंडावर ओढणी धरून हसावं लागायचं.

पण मला ती हाक कधीच पटली नाही. तुझ्याच नियमात ती बसत नव्हती. हे वाजल्यावर आपण उठून काय करणार? काहीच नाही. मग कशाला वाजवायचं? पुण्यातून आपण आपापल्या गावी आलो, घरून काम सुरू झालं, तू घाटनांदूरला मायजवळ गेलीस, मी पाटोद्याला, तरी हे भांडण चालूच राहिलं. केजच्या स्टँडसमोर भेटायचो तेव्हा भजी येईपर्यंत मी हा विषय काढलेला असायचा. एकदा मी फारच चिडले होते. तू शांतपणे मिरचीचं देठ बाजूला ठेवलंस.

"कावून चिडतीस, मास्तरीण? हे वाजलं तर काई करायचं न्हाई. न वाजलं तर करायचं."

मी म्हटलं, न वाजलेलं कुणाच्या लक्षात येतं? तू म्हणालीस, रोज वाजत असंल तर येतंय. मी विचारलं, हे खूळ तुझ्या डोक्यात आलं कुठून? तर म्हणालीस, घरची रीत हाय. आणि माझ्या ताटलीतलं भजं उचललंस. याच्यापुढं तू कधी काही सांगितलं नाहीस, मीही विचारलं नाही.

तुझं माझं दुसरं भांडण त्याहून जुनं होतं. ते सॉफ्टवेअर बँकेच्या यंत्रातून माहिती गोळा करतं, आणि त्यासाठी त्याला कुणाच्या तरी नावानं आत जावं लागतं. त्यासाठी माणसाचं नाही, कामासाठीचं वेगळं नाव घ्यायचं असतं. ते मंजूर व्हायला वेळ लागत होता, बँकेची घाई चालली होती, म्हणून तू तुझंच नाव घातलंस. तात्पुरतं. त्या ओळीशेजारी तू तसं लिहूनही ठेवलंस. मी दर दिवाळीला म्हणायचे, भामे, ते नाव बदल. तू म्हणायचीस, चालतंय की. मी म्हणायचे, तू नोकरी सोडलीस तर? तू म्हणायचीस, मी कुटं पळून चालले?

आपल्या शेवटच्या फोनवरही हेच दोन विषय होते. तुझ्या मागं रेल्वेचा भोंगा वाजत होता, स्टेशन जवळ असल्यानं तुझ्या प्रत्येक मीटिंगमध्ये तो वाजायचा. मी म्हटलं, या महिन्यात मी तुझी ती सकाळची हाक बंद करणार आहे, साहेबांचीही तीच इच्छा आहे. तू म्हणालीस, बंद करू नको, आपण समोरासमोर बोलू, केजला ये. आणि ते नाव बदल, मी म्हटलं. तू म्हणालीस, डोकं लई दुखतंय, उद्या भांडू. मी म्हटलं बरं. तू डोकं दुखतंय म्हणून आडवी झालीस ती उठलीच नाहीस. अंबाजोगाईला नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

पुढचे दिवस मी फार सांगत नाही. कंपनीनं नियमाप्रमाणं तुझं खातं बंद केलं, त्यात कुणाचं काही चुकलं नाही. आधी चालू झालेलं सॉफ्टवेअर चालूच राहिलं, म्हणून तुझी हाक येत राहिली. मग रविवारी दुपारी बँकेनं ठरल्याप्रमाणं यंत्र बंद करून परत चालू केलं.

तर सोमवार. आधी वाटलं रेंज गेली. गच्चीवर जाऊन आले, रेंज होती. मग लॅपटॉप उघडला. पडदा हिरवागार. एकही लाल खूण नाही, एकही पिवळी नाही. एरवी मी निवांत दुसरा चहा ठेवला असता. पण हाक आलेली नव्हती. म्हणून तू करायचीस तसं केलं, रंगाकडं न बघता वेळेकडं बघितलं. प्रत्येक आकडा रविवार दुपारचा होता. त्यानंतर नवं काहीच आलेलं नव्हतं, आणि माहितीच नाही म्हणून त्या सॉफ्टवेअरची तक्रारही नव्हती. आपण आंधळे झालो होतो आणि समोर सगळं ठीक दिसत होतं. त्याच दिवशी तिकडं महिन्याचे पगार लोकांच्या खात्यावर पडायचे होते. मध्ये काही अडकलं असतं तर लोकांनी बोंब मारल्यावरच आपल्याला कळलं असतं.

एरवी अशा वेळी मी तुला फोन लावायचे, तू पलीकडून काहीतरी खात खात म्हणायचीस, घाबरू नको, येकायेकाला विचारत चल. तसंच विचारत गेले. संदेश पाठवणारा भाग ठीक होता. मर्यादा जिथल्या तिथं होत्या. जोडणी ठीक होती. मग माहिती गोळा करणाऱ्या भागाचा लॉग उघडला, म्हणजे तो काय काय करतो याची त्यानं स्वतः केलेली नोंद. तिथं एकच ओळ पुन्हा पुन्हा, पानभर: सत्यभा, परवानगी नाही. सत्यभा, परवानगी नाही.

भामे, ते सॉफ्टवेअर रविवारपासून तुझं नाव घेऊन दार ठोठावत होतं आणि त्याला कुणी आत घेत नव्हतं. मी लॅपटॉपसमोर बसून मोठ्यानं रडले. वडील बाहेरून आत आले, पडद्याकडं बघितलं, त्यांना ती अक्षरं वाचता आली, ते माझ्याशेजारी बसले.

मग मला तुझा राग आला. खरा राग. दर दिवाळीला सांगत होते ना? बदलायला कितीसा वेळ लागला असता? नव्या नावाला मंजुरी मागितली, ती यावेळी तासाभरात आली, कारण घाई सगळ्यांना होती. मी सेटिंगची ती ओळ उघडली. तुझं आठ अक्षरांचं नाव, आणि शेजारी तूच लिहिलेलं 'तात्पुरतं'. त्यावर नवं नाव टाइप करायचं होतं, एवढंच काम. एरवी मी ते डोळे झाकून केलं असतं. कर्सर तुझ्या नावाच्या पहिल्या अक्षरावर ठेवून मी किती वेळ बसून राहिले मला माहीत नाही. आधी पडदा जागेवर आला पाहिजे, मग आपलं रडणं, असं तूच म्हणाली असतीस. मी तुझं नाव पुसलं. सॉफ्टवेअर परत चालू केलं. हिरव्या पडद्यावर एक पिवळी खूण उगवली, मग आणखी एक, आणि मला इतकं हायसं वाटलं. पगाराचं एक काम खरंच अडखळलेलं होतं. मी बँकेला कळवलं, त्यांनी ते मार्गी लावलं, कुणाचा पगार अडला नाही.

तर ऐक, हिशेब असा आहे. नावाच्या भांडणात मी बरोबर होते. हाकेच्या भांडणात तू बरोबर होतीस. ती नसती तर मी हिरवा पडदा बघून गप्प बसले असते. तुझ्या चुकीनं डोळे गेले आणि तुझ्याच हट्टानं ते गेल्याचं कळलं. आपण दोघी जिंकलो, आणि केजला जाऊन यावर तासभर भांडायला तू नाहीस.

पण एक राहिलं होतं. तुझी हाकही तुझ्याच नावानं बांधलेली होती, ती नव्यानं बसवावी लागणार होती. साहेब म्हणाले, या निमित्तानं तो खोटा अलार्म निघून जाऊ दे, तूच तर म्हणत होतीस. होते खरी. मी त्यांच्याकडं आठवडाभराची मुदत मागितली आणि तुझ्या तेराव्याला घाटनांदूरला आले.

जेवणं उरकल्यावर माणसं पांगली. तुझी माय, माझ्या मावशी, तुझ्या खोलीत तुझ्या फोनजवळ बसल्या होत्या. तो कोनाड्यात चार्जिंगला लावून ठेवला होता. मला म्हणाल्या, सोमवारपास्नं ह्यो वाजना झालाय, बिघडला का बघ. मी विचारलं, तुम्हाला तो वाजायचा ते ऐकू यायचं? म्हणाल्या, यायचं की. भामी मला वाचून दावायची काय लिवलंय ते. ती गेल्यावर बी वाजायचा, मग मीच हाय म्हनायचे. तेवढंच घरात कुनीतरी असल्यागत वाटायचं.

मी म्हटलं, मावशी, ही घरची रीत आहे असं भामा सांगायची. कसली रीत? मग त्यांनी सांगितलं. ऊसतोडीला कारखान्यावर असताना मुकादम पहाटेला पाचटाच्या प्रत्येक कोपीपुढं थांबून ओरडायचा, हाय का कुनी? आतून हाय म्हणावंच लागायचं. मी म्हटलं, किती काळजी. मावशी हसल्या, तू हसायचीस तशाच.

"काळजी कशाची? कोयते मोजायला यायचा त्यो, कामाला किती जोड्या हाईत ते," त्या म्हणाल्या. "हिचा बाप त्या दिशी गावाकडं गेलता. मुकादमानं आवाज दिला, माज्या तोंडातनं ओ निघंना. म्हनून बाया कोपी सारून आत आल्या. मी बेसूद पडलेली. त्या आल्या न्हाई आसत्या तर मी बी न्हाई आन भामी बी न्हाई. त्याच दिशी झाली ती, तितंच."

भामे, इतकी वर्षं आपण एका ताटात जेवलो आणि तू मला हे सांगितलं नाहीस. रीत हाय म्हणालीस आणि माझं भजं उचललंस. सांगितलं असतंस तर मी एकदाही भांडले नसते. कदाचित म्हणूनच सांगितलं नाहीस. तुला भांडणात माझी दया नको असायची, हे मला माहीत आहे. तरी वाईट वाटतं, आणि तू त्या पहाटे वाचलीस आणि पुढं पुण्यात त्या रिकाम्या वर्गात माझ्या शेजारी येऊन बसलीस, याचं बरंही वाटतं. दोन्ही एकदम वाटतं.

परत आल्यावर मी साहेबांना फोन केला. सोमवारी काय झालं ते पहिल्यापासून सांगितलं. ही हाक काढली तर पुढच्या वेळी मी जबाबदार नाही, असंही सांगितलं. ते म्हणाले, ठीक आहे, पण ती ओळ तरी बदल, नीट इंग्रजीत लिही. मी म्हटलं, तिकडचे प्रमुख स्वतः तीच ओळ म्हणतात, आता बदलली तर त्यांचा गोंधळ होईल. तुझ्याकडून शिकलेला तो गंभीर आवाज मी पहिल्यांदाच वापरला. साहेबांनी मान्य केलं.

हाक नव्या नावानं बसवली. त्या ओळीशेजारी 'तात्पुरतं' लिहिलं नाही. तुझा नंबर मात्र यादीतून काढावा लागला, नियम आहे. मावशींच्या कोनाड्यातला फोन आता आपणहून वाजणार नव्हता.

आज सकाळी ती पहिल्यांदा आली. चहा उकळत होता. हाय का कुनी? आपल्या ठरलेल्या क्रमानं आज नंबर तुझा होता, म्हणून मी बटण दाबलं नाही. हात पुसत उभी राहिले. थोड्या वेळानं ती पुन्हा वाजली, तू बसवली होतीस तशीच. मग मी दाबलं.

आणि तुझा नंबर लावला. बराच वेळ वाजत राहिला. फोन उचलला गेला, आधी रेल्वेचा भोंगा ऐकू आला, मग कुणी बोलेना. मावशींना तुझा फोन उचलायची सवय नव्हती. म्हणून मीच म्हटलं, तुझ्याच सुरात म्हटलं, "हाय का कुनी?"

"हाय," मावशी म्हणाल्या. "चहा ठेवलाय बग."